थकव्यावरचे पेपर

डॉक्टरांच्या कॉलेजात मी अख्खी नोकरी काढली आणि एकदाही कुणाची नाडी धरली नाही. मी संख्याशास्त्राचा मास्तर. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "चालेल की सर, फक्त आकडे तेवढे कमी घाला." आमच्या विद्यार्थ्यांचीही तीच मागणी असायची, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही.

मूळ मी आटपाडीचा. पोटापाण्यासाठी सांगलीत आलो आणि सांगलीचाच होऊन गेलो. कम्युनिटी मेडिसिन विभागात एका कोपऱ्यात माझं टेबल होतं. रुग्ण तिकडे कधी फिरकत नसत. येत ते एम.डी. करणारे तरुण डॉक्टर, तेही प्रबंध द्यायची तारीख अंगावर आली की. "सर, एवढं सिग्निफिकंट काढून द्या ना," म्हणजे दिसलेला फरक योगायोगाचा नाही असं आकड्यांनी दाखवा, हे ते वाण्याकडे साखर मागावी तसं मागायचे. मी विचारायचो, "पाहणीत माणसं किती घेतलीस? आणि कशी निवडलीस?" उत्तर ठरलेलं असायचं, "सर, जेवढी मिळाली तेवढी."

एकदा कराडचे एक व्यापारी कंदी पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन आले. त्यांनी थकव्यावर टॉनिक काढलं होतं. बाटलीवर 'संशोधनाने सिद्ध' असं टाकायचं होतं, लेबलं छपाईला गेली होती, फक्त संशोधन व्हायचं राहिलं होतं. मी त्यांना समजावलं, की निम्म्या लोकांना तुमचं टॉनिक द्यायचं, निम्म्यांना तसंच दिसणारं नुसतं गोड पाणी द्यायचं, कुणाला काय मिळालं हे त्यांना कळू द्यायचं नाही, आणि शेवटी फरक पडला का ते बघायचं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आणि गोड पाण्यानंच बरं वाटलं तर?" "पुष्कळदा वाटतं," मी म्हणालो. ते पेढे ठेवून गेले ते परत आले नाहीत. पेढे मात्र चांगले होते.

थकवा हा विषय कायमचा माझ्या गळ्यात पडला तो डॉ. पद्मजा मगदूम यांच्यामुळे. मॅडम मेडिसिन विभागात होत्या. सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या, बोलायला तिखट आणि रुग्णाजवळ बसल्या की वेळेचं भान नसलेल्या. त्यांच्या ओपीडीत अधूनमधून अशी माणसं यायची, की ज्यांचे सगळे रिपोर्ट चांगले आणि माणूस मात्र उभा राहू शकत नाही. रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखं वाटत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही, उजेड आणि आवाज सोसत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे थोडं काही केलं, अंघोळ केली, चार माणसांशी बोललं, की त्याचा दंड लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी होतो आणि मग माणूस आठवडेच्या आठवडे आडवा. याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. नावातच घात आहे. 'फटीग', म्हणजे थकवा, म्हटलं की ऐकणारा हसून म्हणतो, अहो, थकतो तर मीही.

यावर जगात काय काम चाललंय, किती चाललंय आणि त्यातलं खरं किती, हे शोधायचं मॅडमनी मनावर घेतलं आणि जोडीला मला घेतलं. ही कामाची पद्धत बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. एका विषयावरचे जेवढे पेपर, म्हणजे संशोधनाचे निबंध, हाती लागतील तेवढे गोळा करायचे. दोन माणसांनी ते वेगवेगळं बसून वाचायचे. प्रत्येकाला गुण द्यायचे, पण एकानं काय दिले ते दुसऱ्याला कळता कामा नये. मग दोघांनी समोरासमोर बसायचं, गुण उघडे करायचे आणि जिथं पटत नाही तिथं भांडायचं. एकट्यानं दिलेला गुण आमच्या धंद्यात गुणच मानत नाहीत.

आमचं भांडण शनिवारी दुपारी असायचं. दिवस मावळायच्या आत मॅडमना जेवायचं असे, त्यामुळे उन्हं उतरली की त्या पेपर मिटायच्या. भांडण अर्धं राहिलं तर पुढच्या शनिवारी. लग्न झालेल्या माणसानं इतक्या आनंदानं परक्या बाईशी भांडू नये, असं आमची ही म्हणायची. आज त्या दुपारी आठवल्या की मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

सुरुवातीला पेपर थोडे होते. एका टेबलावर मावायचे. कुणी म्हणे हा विषाणूचा रोग, कुणी म्हणे मनाचा. कुणाला रक्तात काहीतरी सापडायचं, वर्तमानपत्रात बातमी यायची, आणि दुसऱ्यानं तेच शोधलं की सापडायचं नाही. माझी मोठी तक्रार वेगळीच होती. रोगाची व्याख्या जो तो आपापली करायचा. एकाच्या पाहणीत खरे आजारी, दुसऱ्याच्या पाहणीत कामाला कंटाळलेले कारकूनही आत. आणि निष्कर्ष काढताना सगळे एकाच नावाखाली. शिवाय माणसं मूठभर घ्यायची, थोडेच दिवस बघायची आणि शेवटच्या ओळीत 'अधिक संशोधनाची गरज आहे' लिहून मोकळं व्हायचं. ती ओळ आली की मी पेन्सिल खाली ठेवायचो.

वर्षं गेली तसे पेपर वाढले. टेबल पुरेना, मग कपाट पुरेना, मग सगळं कॉम्प्युटरवर गेलं. संख्या वाढली, दर्जा तिच्यामागून रखडत आला. काही कामं खरंच सुंदर होती, त्यांवरून आमचं भांडणच व्हायचं नाही. पण पुष्कळसे पेपर पेपरांवरच लिहिलेले. मॅडम म्हणायच्या, "सर, रोग्यांपेक्षा रोगावर लिहिणारे जास्त झाले."

संगीता घार्गे आमच्याकडे आल्या त्या याच काळात. विट्यावरून औंधच्या बाजूला जाताना रस्त्यालगत त्यांचं गाव. नवरा विलास घार्गे तेव्हा फौजेत, पोस्टिंग दूर उत्तरेत. लग्नाआधी या बाई खो-खोत जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या. एका तापाचं निमित्त झालं आणि त्यानंतर अंग जे बसलं ते उठलंच नाही. मॅडमनी निदान केलं, तेव्हा त्या रडल्या. "आजाराला नाव हाय म्हनायचं," एवढंच म्हणाल्या.

आमच्या विभागानं अशा रुग्णांना घरी जाऊन भेटायची एक लहानशी पाहणी काढली होती. चार-सहा महिन्यांनी जायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, नाडी, रक्तदाब बघायचा, चालायला लावायचं. आम्ही संगीताताईंच्या घरी गेलो. आधी निरोप धाडला होता. दारात रांगोळी होती. ताई स्टार्च केलेली साडी नेसून, केस विंचरून उभ्या. आम्ही नको नको म्हणत असताना त्यांनी पोहे केले, चहा केला, मॅडमना हळदीकुंकू लावलं. प्रश्न विचारले तर प्रत्येकाला एकच उत्तर, "बरं हाय की. तुमी आला न्हवं, लय बरं वाटलं." चालायला सांगितलं तर अंगणातून चालूनही दाखवलं. आम्ही खूश. परत येताना मी गाडीत म्हणालो, "मॅडम, सुधारणा स्पष्ट दिसतीय." त्याही हो म्हणाल्या.

रक्तदाब बघायचं यंत्र त्यांच्याकडे विसरलं होतं. दोन-तीन दिवसांनी औंधला शिबिर होतं, म्हणून जाता जाता ते घ्यायला आम्ही न सांगता थांबलो. दार नुसतं लोटलेलं. आतल्या खोलीच्या खिडकीला घोंगडं लावलेलं. ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, कानाला फडकं गुंडाळलं होतं. अंगावर तीच साडी होती. बदलायची ताकद राहिली नव्हती.

मॅडम खाली जमिनीवर बसल्या. ताईंनी डोळे न उघडता सांगितलं, "तुमी येनार म्हनून चार दिस निजून काढलं, मॅडम. पावन्याम्होरं कसं पडून ऱ्हायाचं? बरं दिसतंय का ते?"

आमच्या भागात पाहुणा दारात आला की माणूस मरणाच्या दारातून उठून चहा ठेवतो आणि कसं काय विचारलं की बरं आहे म्हणतो. यात खोटेपणा नाही, ही रीतच आहे. त्या रीतीलाच आम्ही तब्येत म्हणून मोजून आणलं होतं. शिबिर आटोपून परतताना गाडीत सगळी माणसं बडबडत होती आणि मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

पाहणीची पद्धत आम्ही बदलली. भेटीनंतर दोन दिवसांनी घरच्यांना फोन करून विचारायचं, आता कसं आहे. त्या फोनमध्ये खरी तब्येत कळायची. आणि शनिवारच्या बैठकीत मॅडमनी एक नवा प्रश्न आणला. कुठलाही पेपर हातात घेतला की त्या विचारायच्या, "यात संगीता कुठं आहे?" म्हणजे असं, की हे सगळं संशोधन ज्यांच्यावर झालं, ते स्वतःच्या पायांनी दवाखान्यापर्यंत आलेले होते. जी आतल्या खोलीत घोंगड्याआड पडली आहे, ती येऊच शकत नाही, म्हणून ती मोजली जात नाही. प्रत्येक पेपरात एक आकृती असते. किती माणसं आली, किती घेतली, किती वगळली. संगीताताई त्या वगळलेल्यांतही नव्हत्या, कारण वगळायला आधी दारापर्यंत तरी यावं लागतं.

विलास घार्गे सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले. सहा फुटी माणूस, आवाज परेड ग्राउंडचा. बायकोवर जीव. आल्या आल्या त्यांनी तिला पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या कुणा डॉक्टरनं एक छापील कागद हातात दिला. रोज थोडं चालायचं, ठरावीक दिवसांनी अंतर वाढवायचं, त्रास झाला तरी थांबायचं नाही, शरीराला सवय होते. सुभेदारांना हे लगेच पटलं. आयुष्यभर त्यांनी रंगरूट पोरांना हेच शिकवलं होतं. रोज सकाळी बायकोला हाताला धरून ते पाटापर्यंत न्यायचे, मग शाळेपर्यंत. गाव कौतुकानं बघायचं. ताई कधी नको म्हणाल्या नाहीत. नवरा आपल्यासाठी एवढं करतोय, तर कसं नको म्हणायचं.

एका शनिवारी दुपारी ते सांगलीत आमच्या विभागात येऊन उभे राहिले. योगायोग बघा, आमच्यापुढं त्या दिवशी चालण्याच्या त्याच उपचारावरचा पेपर होता आणि त्यावरूनच आमचं वाजलं होतं. मी भरपूर गुण दिले होते. माणसं पुष्कळ घेतलेली, गट नीट पाडलेले, गणित चोख. मॅडमनी अगदी कमी दिले होते. बरं वाटतंय का, हे रुग्णाला विचारून मोजलंय, आणि उपचार करणाराच रुग्णाला सांगत होता की तुला बरं वाटणार आहे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणत होतो, पण पद्धत तर बघा.

सुभेदारांनी खिशातून तो छापील कागद काढून टेबलावर ठेवला. "सर, मॅडम, म्या दिलेला प्रोग्राम एक दिवस चुकवला न्हाई. पन ती खालीच चाललीया. आता जेवायला बी उठंना. ह्यात लिवलंय ते खरं का खोटं, येवढं सांगा."

मी माझ्या सवयीनं सुरू झालो. हे बघा, पुरावा मध्यम प्रतीचा आहे, सरासरी फायदा थोडा दिसतो, पण व्याख्येवर अवलंबून आहे...

"सर," ते म्हणाले, आवाज न चढवता. "फौजेत असं सांगत न्हाईत. म्होरं जायचं का मागं फिरायचं, येवढंच सांगत्यात."

मी थांबलो. सरासरी ही पुष्कळ माणसांची असते, आणि समोर उभा असलेला माणूस एकीबद्दल विचारत होता.

"मागं फिरा," मॅडम म्हणाल्या. "आजच. तिला झोपू दे. उठावंसं वाटलं तरी अर्ध्यावर थांबू दे. जे अंगात असेल ते सगळं खर्चू देऊ नका."

"पुरावा हाय का त्येला?"

"पुरेसा नाही," मॅडम म्हणाल्या. "मी तिला त्या दिवशी आतल्या खोलीत बघितलंय, तेवढाच."

सुभेदारांनी टेबलावरचा तो कागद उचलला. मग म्हणाले, "म्हंजे मी तिला हातानं..." मॅडम उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही छापलेल्यावर विश्वास ठेवलात. आम्हीसुद्धा तेच करतो." उन्हं उतरली होती, पण त्या दिवशी मॅडम जेवायला उठल्या नाहीत.

पुढं परदेशातल्या रुग्णांनी आरडाओरडा केला, जाणत्यांनी ते आकडे पुन्हा तपासले आणि हळूहळू तिकडच्या मोठ्या संस्थांनी ही चालण्याची शिफारस मागं घेतली. ते वाचलं त्या दिवशी मी सुभेदारांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं सर. दुसऱ्या कुनाची तरी वाचंल." ताई मात्र आधी जिथं होत्या तिथंही परत आल्या नाहीत. अंगणात येणं बंद झालं ते कायमचं.

आता सुभेदारांना नवी लढाई लढावी लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे धर्मकृत्य. केळी, बिस्किटाचा पुडा घेऊन माणसं येणार, कॉटवर टेकणार, सगळ्या गावाचं सांगत बसणार, आणि आजाऱ्यानं उठून बसायचं. सुभेदारांनी गोठ्याच्या बाजूला खुर्च्या टाकल्या. येईल त्याला तिथंच बसवायचं, चहा स्वतः करून द्यायचा आणि तिथूनच लावून द्यायचं. ताईंच्या माहेरची माणसं चिडून परत गेली. बायकोला कोंडून ठेवलंय, असं गाव म्हणू लागलं. "म्हनू द्यात," सुभेदार मला म्हणाले, "मी बॉर्डरवर उभा होतो, हितं बी उभा ऱ्हाईन."

आणि दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. आधी सगळ्यांची खुशाली, मग थोडं थांबून, "काय नवीन आलं का सर?" या प्रश्नाला मी इतकी वर्षं 'अजून नाही' म्हणत आलोय, की हल्ली सणाच्या सकाळी फोन वाजला की मी तो दोन-तीनदा वाजू देतो. आपण एवढं वाचलं, त्यातलं एखादं तरी वाक्य त्या घरी नेऊन द्यावं, अशी मला फार इच्छा आहे. अजूनही आहे.

मग महामारी आली. ती ओसरल्यावर जगभर असंख्य माणसं तशीच आडवी पडली, ताप गेला तरी अंग न उठणारी. आणि मग पेपरांचा जो लोंढा सुटला तो अजून थांबलेला नाही. जन्मात या विषयाकडे न बघणारे त्यावर लिहू लागले. पैसा आला, नवी यंत्रं आली, हुशार पोरं आली. घाईघाईनं केलेलं पुष्कळ, एकाचं दुसऱ्यानं उतरवलेलंही पुष्कळ, पण मधूनच असं एखादं काम येतं की मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचतो. रक्त, पेशी, नसा यांत काहीतरी खरंच वेगळं आहे, असं आता सांगता येऊ लागलंय. काय वेगळं आहे आणि त्याला औषध काय, हे अजून नाही.

आणि हे सगळं येत असताना मी निवृत्त आणि मॅडम सांगलीत नाहीत. लेकीकडे नाशिकला असतात. त्यांच्या डोळ्यांचं मधलंच दिसणं गेलंय, वाचता येत नाही. शनिवारी दुपारी मी फोन लावतो आणि पेपर वाचून दाखवतो. थोडं ऐकलं की त्या हसतात. "सर, राहू दे. तुमच्या आवाजावरूनच कळतंय तुम्ही किती गुण दिलेत." म्हणजे आता त्यांचा गुण स्वतंत्र राहिला नाही. आमच्या पद्धतीप्रमाणे तो धरता येत नाही, आणि माझा एकट्याचा तर नाहीच. तरीही मी वाचतो. उन्हं उतरली की त्या म्हणतात, जेवायची वेळ झाली. फोन ठेवल्यावर घर फार रिकामं वाटतं.

या वर्षी आमच्या कॉलेजातल्या एका नव्या व्याख्यातीनं, आसावरी तिचं नाव, घरातून बाहेर पडूच न शकणाऱ्या अशा रुग्णांची पाहणी करायला घेतली. पद्धत कशी ठेवावी विचारायला ती माझ्याकडे आली. मी सांगितलं, रुग्णाला बसतं करायचं नाही. अंधार असेल तर अंधारातच विचारायचं. प्रश्न अगदी थोडे. चहा घ्यायचा नाही, घेतला तर बाहेर. आणि दोन दिवसांनी फोन केल्याशिवाय ती भेट पूर्ण झाली असं लिहायचं नाही. तिनं सगळं मान्य केलं आणि विचारलं, "सर, सुरुवात कुठून करू?"

मी सुभेदारांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तिला ह्याचा काय उपेग?"

"काही नाही," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना आडवळण न घेता उत्तर दिलं. "औषध नाही. उत्तर आलं तरी केव्हा येईल सांगता येत नाही. वर बोलण्याचा त्रास होईल तो वेगळाच. तुम्ही नाही म्हणालात तर मला बरंच वाटेल."

"तिला इचारतो," ते म्हणाले. तिला विचारायचं म्हणजे ती बोलू शकेल अशा वेळेची वाट बघायची. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "या म्हनतीया."

आम्ही गेलो. चपला लांब काढल्या. सुभेदारांनी दार अलगद लोटलं. खोलीत अंधार, ताई कुठं आहेत हे कळायला मला वेळ लागला. फार लहान झाल्या होत्या. आसावरी खाली बसली आणि हलक्या आवाजात एकेक प्रश्न विचारू लागली. 'बरं हाय' हे उत्तर एकदाही आलं नाही. शेवटी, तुम्हाला काय करावंसं वाटतं, असा एक प्रश्न होता. मग आवाज आला, "हुबं ऱ्हाऊन भाकरी थापाविशी वाटतीया. एक." आसावरीनं ते होतं तसं लिहून घेतलं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "ताई, एवढा त्रास का घेतलात? यातून तुम्हाला काही मिळायचं नाही, मी सुभेदारांना सांगितलं होतं."

"सांगितलं त्येनी." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "माज्यासाठनं न्हाई आलं तरी चालंल, सर. पन मोजशिला तवा मला धरा."

बाहेर आल्यावर सुभेदारांनी आम्हाला गोठ्याकडच्या खुर्च्यांवर बसवलं. चहा त्यांनीच केला. मी रस्त्याकडे बघत चहा प्यालो.

दोन दिवसांनी ठरल्याप्रमाणे फोन करायचा होता. तो आसावरीनं करायचा, पण मी म्हणालो, मी करतो. पलीकडून सुभेदार अगदी बारीक आवाजात बोलले, म्हणजे ते आतल्या खोलीतच असणार.

"पडलीया. कालपास्नं पानी चमच्यानं पाजतूय."

"मी मॅडमना विचारून..."

"त्ये र्‍हाऊ द्या सर. डोळं मिटून इचारतीया, आकड्यात आली का म्हनून."

"आल्या," मी म्हणालो. "आल्या म्हणून सांगा."

फोन बंद करायचं ते विसरले. मग ते परेड ग्राउंडचे सुभेदार तिच्या अगदी कानाशी वाकून बोलल्यासारखं हळू म्हणाले, "आलीस गं. धरलं तुला."